तिसरी प्रत

लक्ष्मीपुरीत, भूपालअण्णांच्या छापखान्यात
बावीस वर्षं मी कागद जुळवतो.
(बाई असून ‘जुळवतो’ म्हणते म्हणून पुण्याचा एजंट हसला.
हसू दे. आमच्याकडं असंच म्हणतात.)

पांढरा, गुलाबी, पिवळा. पांढरा, गुलाबी, पिवळा.
पन्नास झाले की पुठ्ठा, पिन, डिंक, वर वजन.
पांढरी गिऱ्हाइकाला, गुलाबी हिशेबनिसाला,
पिवळी पुस्तकातच राहते.
पेनाचा जोर तिच्यापर्यंत पोचेस्तोवर
निम्मा झालेला असतो.

रंगाचं काम रंगाला माहीत असतं, अण्णा म्हणतात.
कुस्तीचं मैदान असेल तर पतंगी कागद, भडक,
बिंदू चौकात पायाखाली आला तरी
पैलवानाचं नाव दिसलं पाहिजे.
साड्यांच्या सेलला गुलाबी.
दातांच्या डॉक्टरांनी एकदा लाल मागितला,
अण्णांनी हात जोडले:
“साहेब, दात काढायचेत का माणूस पळवायचाय?”
गुळाच्या अडत्याची पट्टी पिवळीच लागते,
पांढरी दिली तर समोरचा उलटीपालटी करून बघतो,
खरी हाय का म्हणून.

माझं रेशनकार्ड केशरी, शेजारच्या शेवंताचं पिवळं.
दोन घरांत भिंत एकच,
तिच्या कुकरची शिट्टी मी मोजतो.
दुकानात मात्र कार्डं बोलतात, आम्ही दोघी गप्प.

आणि हिरवा.
हिरवा लेजर, कोर्टाचा. जाड, बोटाला जरा खरबरीत.
त्या दिवशी दोन रिमं मीच कापली.
वकिलाचा पोऱ्या सायकलला लावून घेऊन गेला.

आठवड्यानं भावांनी बोलावलं.
कागलकडची दीड एकर, विहिरीसकट.
“अक्का, नुसती सही.”
टेबलावर हिरवा कागद.
मी कडेला बघितलं.
कटिंगच्या पात्याला तेव्हा एक दात पडला होता,
प्रत्येक कागदाला तांदळाएवढी खोच येत होती.
खोच होती.

मजकूर वाचला नाही. कागद ओळखला.
राजीखुशीने, असं काहीतरी होतं दुसऱ्या ओळीत.
भावजयीनं साडी दिली, मोरपंखी, खोक्यासकट,
खोक्यात घडी घातलेलं गुलाबी हँडबिल:
दोनावर एक मोफत.
खाली बारीक अक्षरात आमच्याच छापखान्याचं नाव.

मला प्रत दिली नाही कुणी.
मीही मागितली नाही.
दिवसाला दोन हजार प्रती जुळवणारी बाई मी,
बाहेर येऊन रंकाळ्यावर बसलो,
चिरमुरे खाल्ले, आणि कामावर गेलो. उशिराची खूण पडली.

आता रुकसार आलीय हाताखाली. मुजावरांची. हात चलाख.
परवा म्हणाली, काकू,
तिसरीवर धड उमटतच न्हाई, उपयोग काय हिचा?
मी तिला पिवळी खिडकीपाशी धरायला लावली,
सरळ नाही, तिरपी.
तिरप्या उजेडात दबलेलं दिसतं:
रक्कम, तारीख,
सहीचा शेवटचा फराटा.

“दिसलं?”
“दिसलं की.”
“मग लाव डिंक.”