खालचा खण

लेस्टरच्या बस डेपोत माझ्या टेबलाला तीन खण:
वरच्यात शिक्के,
मधल्यात चहाच्या पिशव्या,
खालच्यात रजेचे अर्ज.
अठरा वर्षं मी माणसांना जाऊ देते
किंवा देत नाही.

कॉलिन म्हणतो, लीव्ह.
जनमत झालं त्या साली समोरच्या खिडकीत
हाच शब्द लावलेला, ढोबळ्या अक्षरांत.
मला वाटलं, सुट्टीवर गेलेत.
दोन आठवडे त्यांची कचऱ्याची पेटी
मीच ओढत रस्त्यावर नेली.
मग कळलं, ती माणसं घरातच होती.
जायचं होतं ते दुसऱ्याच कुणीतरी.

माझ्या जिभेवर मात्र रजा,
मिरजेहून आणलेली:
किरकोळ, हक्काची, बिनपगारी, अर्धी.
रजा म्हणजे कागद, आणि कागदाखाली सही.

कॅन्टीनच्या मंजुळाबेन,
आईच्या बोटाला धरून कंपालाहून आलेल्या,
संध्याकाळी एप्रन घडी करून दारात थांबतात:
चालो, रजा लउं?
पहिल्यांदा मी अर्जच पुढे केला.
हसून हसून त्यांना ठसका लागला.
त्यांना नुसतं घरी जायचं होतं.
कुणीतरी 'या' म्हणायला हवं होतं, एवढंच.

वर्कशॉपमधला जुमा, झांजिबारचा.
त्याची काळी बोटं माझ्या रजिस्टरला लागली
की म्हणतो, निविए राधी.
ही राधी कोण, मी वर्षभर विचारलं नाही.
विचारलं, तर म्हणाला, माफ कर असं म्हणतो मी.
म्हणजे, माझ्यावर राजी हो.

तेव्हा ट्यूब पेटली.

मूळ अरबी. रिदा. मन तृप्त असणं.
फारशीचं बोट धरून दख्खनेत आला शब्द,
कचेरीत शिरला आणि कारकून झाला.
राजी त्याच घरातला, नाराजही तिथलाच.
आणि राजीनामा:
'मी खूश आहे' असं पत्र,
जे खुशीत असताना कुणीच लिहीत नाही.
इंग्रजांचंही तेच म्हणा.
लायब्ररीतल्या जाडजूड कोशात पाहिलं,
त्यांची रजेची लीव्ह
लव्हची लांबची बहीण निघाली.
जाणाऱ्या लीव्हशी तिचं काही नातं नाही,
नुसतं नाव सारखं.

हे सगळं मला नंतर कळलं.
तसद्दुक हुसेनच्या नंतर.

मीरपूरचा. सकाळची पहिली बस त्याची.
मार्चमध्ये त्यानं नऊ दिवस मागितले.
धरणाचं पाणी उतरतं तेव्हा, म्हणाला,
आमचं जुनं गाव वर येतं.
आजोबांची कबर आहे. तेवढ्यापुरतीच दिसते.
तीन ड्रायव्हर आजारी होते.
मी म्हटलं, कबर कुठे जातेय? पुढच्या वर्षी जा.
आणि नामंजूर लिहिलं, लाल पेनानं, ठळक.
त्यानं अर्जाची घडी घातली.
ठीक है, उसकी रझा.

मला वाटलं, याला समजलंच नाही.
अहो, रजा नाही म्हणतेय मी,
आणखी मोठ्यानं सांगितलं.
तो मान हलवत राहिला.
त्याची रझा कुठल्याच खणात नव्हती,
तिच्यावर सही करणारा वेगळाच होता.

पुढच्या वर्षी पाणी उतरलं नाही,
म्हणजे पुरेसं उतरलं नाही.
मनोऱ्याचं टोक तेवढं दिसलं म्हणे,
फोटो होता कुणीतरी पाठवलेला.
मेमध्ये त्यानं दोन ओळींचं पत्र ठेवलं.
गुडघे दुखतात, आभारी आहे.
मी तारखेचा शिक्का मारला. तेवढं मला येतं.

शेवटच्या दिवशी किल्ल्या द्यायला आला.
मराठीत काही सुचेना,
त्याची भाषा मला अर्धीच येते,
इंग्रजीत सॉरी तर इथे
पायावर पाय पडला तरी म्हणतात.
तोंडातून जुमाचंच निघालं:
निविए राधी.

त्यानं किल्ल्या टेबलावर ठेवल्या.
थोडा वेळ बघत राहिला.

कौन राधी?