मधात लाल

दिवसा या टेबलावर सातबारे निघतात,
उत्पन्नाचे दाखले, नाव दुरुस्तीचे अर्ज.
कोणाचा अंगठा मशीन घेत नाही,
मग ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा टेकवायचा.
रात्री नऊनंतर शटर अर्धं ओढून
त्याच टेबलाला मी स्टिअरिंग आवळते,
सीताबर्डीतून जुनं घेतलेलं,
डावीकडे वळताना कुरकुरणारं.

बाहेर दारव्हा रोड, शेलोडी फाटा.
शेजारी उकंडाकाकांचं टायरचं दुकान.
चाळीस वर्षं रबरावर रबर चढवून
नखांखाली जी काळी रेघ बसली
ती पोरीच्या लग्नातल्या हळदीनंही हटली नाही.

मे महिना. खेळात हवेचं तापमान निवडता येतं.
सगळे बावीस ठेवतात.
मी सेहेचाळीस टाकलं. उगाच.
आपल्या उन्हात ही गाडी कशी वागते, बघू.

सॉफ्ट टायर घेतले. पहिली फेरी लोण्यासारखी,
म्हटलं तिथे वळली, म्हटलं तिथे थांबली.
चौथ्या फेरीत मागचा भाग
माझ्या आधीच वळायला लागला,
आणि गाडी तोंड फिरवून वाळूत जाऊन बसली,
मानपान चुकलेल्या व्याह्यासारखी.

मग हार्ड. ते आधी ओळखच देत नाहीत.
ब्रेक दाबला तरी सरळ, वळवलं तरी सरळ.
गार रबर रस्त्याशी बोलत नाही तोवर
आपण नुसतं हाती धरून बसायचं.
आणि तापल्यावरही काहीतरी राहूनच जात होतं:
वळणाच्या ऐन मध्यावर पुढची चाकं
न्हाणीतल्या साबणावर पाय पडावा तशी.
तीन रात्री मी स्प्रिंगा बदलत होते,
मागचा पंख, गिअर, ब्रेकचा वाटा.

“काय करून राहिली व पोरी?”
शटरखालून आधी विडीचा धूर आला, मग काका.
पडद्याच्या कोपऱ्यात चार टायर,
प्रत्येकाचे तीन पट्टे.
आतला हिरवा, मधला लाल, बाहेरचा हिरवा.
मी सांगितलं, रबर कुठे किती तापलं ते दिसतं.
“मधात लाल?” ते वाकले.
“हवा जास्त झाली ना बाप्पा!
पोटावर चालून राहिलं टायर, कडा टेकतच नाई.
उनात हवा फुगते. चार पॉइंट काढ.”

काढले.
एक फेरी. दुसरी. तिसरीला तिन्ही पट्टे एका रंगाचे,
आणि ज्या वळणावर मी रोज वाळू खात होते
ते गाडीनं असं घेतलं,
जसं आपल्याच घरात अंधारात
कोणी माठाकडे पाणी प्यायला जावं.

काका खूश झालेले दिसले नाहीत.
नाक फुगवून काहीतरी शोधत होते.
“वास नाई येत व याले.
वास नाई तं समजन कसं कोणाले?”
मग स्टिअरिंगवर, माझ्या हाताशेजारी,
एक पंजा ठेवला. खाली मोटर थरथरत होती.
बाराव्या फेरीला डोळे मिटूनच म्हणाले,
“पुढचं डावं. गेलं समज.
घाण्याच्या बैलावानी एकाच अंगानं फिरवून राहिली तू,
डावंच झिजन.”

आकडे उघडले.
उजवं चौसष्ट टक्के. डावं एकोणतीस.

रविवारच्या शर्यतीत मी अकरावी आले.
वीसजणांत. त्यातले दोघं आपणहूनच उलटले.

सोमवारी काका रेशनच्या केवायसीला आले.
अंगठा टेकवला. दिवा लाल.
फडक्यानं पुसला. लाल.
मी भिंगासारखा तो उजेडात धरला,
मधोमध गुळगुळीत,
एकही रेघ नाही.
“काका, जरा कडेवर कलता करा,” मी म्हटलं.
ते अंगठ्याकडे बघत राहिले,
मग माझ्याकडे.
“किती टक्के उरला व?”