बदली

एजन्सीची बाई फोनवर म्हणाली, सहा महिने,
दिवसाला सहाशे पौंड, नोटीस एका आठवड्याची,
आणि गाव विलेनहॉल, कुलुपांचं.
रविवारी रात्री एक बॅग, दोन कोट
आणि मेतकुटाची बरणी घेऊन
हॉटेलची ११४ नंबरची खोली उघडली,
प्लास्टिकच्या कार्डाने.

कारखान्यात ग्लेनिसने गळ्यात पट्टा घातला: व्हिजिटर.
पक्का पास छापून यायला तीन आठवडे लागतात,
आणि तुमच्यासारख्यांचा येईपर्यंत...
पुढचं गिळून तिने चहा विचारला.
पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई.
तिसऱ्या दिवशी माझं बिल सुरूच असतं.

खुर्ची डेस्मंड टिबिट्सची. त्याच्या मणक्याचं ऑपरेशन.
पाठीला त्याचीच उशी, खणात पेपरमिंट,
आणि एका तारेत ओवलेल्या एक्केचाळीस किल्ल्या,
एकीवरही चिठ्ठी नाही.
खुर्चीची उंची मी बदलली नाही.
पाय जमिनीला पुरते टेकत नव्हते, तरी.

वाटणीच्या वेळी परगावचा पंच बोलावतात,
जो निकाल देऊन, पाणी पिऊन, आपल्या वाटेने जातो,
तसं मला आणलेलं. एकोणीस नावं.
घरच्यांच्या तोंडून ती निघत नव्हती.

सोलापुरात माझे वडील अकरा वर्षं बदली होते.
पहाटे मिलच्या दारात पास घेऊन उभे राहायचे;
कुणी आजारी पडला तर जॉबर बोट दाखवायचा,
त्याचा साचा त्या दिवसापुरता यांचा.
दुसऱ्याला ताप यावा असं
त्यांनी देवाकडे कधी मागितलं नाही.
पण साथ आली की आमच्याकडे शेंगापोळी व्हायची.
पाळी संपताना ते साचा पुसून ठेवत,
मालकाला परका हात लागू नये म्हणून.
मालक म्हणजे तो, तापाने पडलेला.

लॉइड फेरेडे, एकतीस वर्षं, यादीत अकरावा,
शुक्रवारी आला. बसला नाही.
तुम्ही ईस्टरनंतर नसणार ना?
नाही, म्हणाले.
म्हणजे आपण दोघंही टेम्पररी, म्हणाला,
फक्त तुम्हाला आधी माहीत होतं.
मग तार हातात घेऊन एकेक किल्ली सांगत गेला:
ही रंगखात्याची, ते पाडलं.
ही सायकल शेडची. ही जुन्या गेटची,
गेट आता पबात टांगलंय.
आणि ही कशाचीच नाही,
मी सोळाव्या वर्षी घासलेली, पहिली.
डेसने ठेवली होय!
घेऊन जा, म्हटलं.
नको, डेसची आहे. तार पुन्हा खणात.

त्या रात्री खोली ११४ मध्ये
दहीभातावर मेतकूट घालून बसले
आणि टीव्हीचा आवाज वाढवला.
यादी एकोणीसचीच राहिली. अठरा करता आली असती का,
हे मी नंतर दोनदा मांडून पाहिलं.
एकदा झाली होती.

मार्चमध्ये डेस्मंड काठी टेकत आला.
मी टेबल पुसून ठेवलं होतं,
पेपरमिंटची नवी पुडी आणून ठेवली होती.
तो खुर्चीत बसला, एकदा मागे रेलला,
आणि माझ्याकडे बघत राहिला.
बसलात कशा तुम्ही इथे, एवढ्या उंच?
मी टाइमशीट पुढे केली. त्याने सही केली:
दिवस एकशे अठरा.
शेजारी एक चौकट होती, कामाचा दर्जा.
त्यात त्याचं पेन बराच वेळ थांबलं.

खाली ग्लेनिसने पक्का पास दिला, कालच आलेला,
फोटोसकट, पहिल्या दिवशीचा.
पट्टा तिने परत घेतला, पास राहू दे म्हणाली.
फोन वाजत होता. एजन्सी.
डंडी, शीतगृह, चार महिने.
मी विचारलं, कुणाच्या जागेवर?