वीस नंबरचा पांढरा

म्हापशाच्या बाजारात, कमानीखाली आमचं दुकान.
सुया, हूक, अस्तर, बटणं
आणि फीत. ती मोजता मोजता एकदा
एतेल्विनाबाई म्हणाल्या, हा शब्द तुमचा नव्हे,
आमच्या जहाजातून उतरला.
मी विचारलं, जकात भरली होती का?

दर शुक्रवारी हळदोण्याहून पहिल्या बसने येत.
वीस नंबरचा पांढरा. एकच.
दोन नेले तर पुढच्या शुक्रवारी काय करू?
गुंडा म्हणायच्या नाहीत कधी.
"गुंडा पोलिसांनी धरावा, पात्रांव. मला नोवेलु दे."

एका दुपारी वीज गेलेली, गिऱ्हाईक नाही,
तेव्हा त्यांनी तो शब्दच काउंटरवर उलगडला.
लॅटिनमध्ये ग्लोबुस. त्याचं धाकटं, ग्लोबेल्लुस.
म्हणजे गोळाच की, मी म्हणालो.
नाही, नातं नाही. नुसता चेहरा सारखा,
बाजारात दिसतात तशी माणसं.
मग पुढचा ग झिजला, उरला ल.
स्पेनवाल्यांना वाटलं, हा ल शब्दाचा नाहीच,
हे तर दारात उभं राहिलेलं उपपद.
दिला काढून. ते ओविल्यो म्हणतात.
ओवणं? मी पुन्हा आशेने.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं फक्त.
आणि पोर्तुगालात दोन ल एका घरात नांदेनात,
म्हणून थोरल्याने न होऊन घेतलं.
नोवेलु.
वीज आली. पंख्याने पावत्या उडवल्या.

गेल्या चैत्रात भाचीचा हात धरून आल्या.
फळीकडे बोट. ओठ हलले, थांबले.
"वेलु," म्हणाल्या. "वेलु दे."
नोवेलु, तीया, भाची कानाशी बोलली.
त्यांनी ऐकलं नाही, की नको होतं.
मला वाटलं, चला, यांनीही पुढचं अक्षर
दारातलं समजून काढून टाकलं.
भाची हळूच म्हणाली, वेलु हाही शब्द आहे.
मेंढीच्या अंगावरची लोकर. अजून न कातरलेली.

आमच्या दुकानात मेंढी कुठली? सगळा माल सुती.
मी वीस नंबरचा पांढरा काढला,
त्यांनी तो गालाला लावून पाहिला
आणि पैसे दिले.
पायरीपर्यंत जाऊन परत वळल्या,
आणि पैसे दिले.

दुसऱ्यांदा दिलेल्या नोटा
गल्ल्यात वेगळ्या ठेवल्यात, पांढऱ्या दोऱ्याने बांधून.
बायको विचारते, कुणाचे?
मी म्हणतो, पुढच्या शुक्रवारचे.