भाता तोच

हृदय नवं आहे, ऑद्रियुस,
उग्ने सांगते,
पण भाता तोच. जुना.

चार वर्षं तो अर्धपोटी राबला,
थकलेल्या हृदयाने धाडलं तेवढ्या रक्तावर.
कौनासमधलं आमचं घर चौथ्या मजल्यावर,
दर वळणाला थांबायचो,
बुटाची नाडी बांधायला वाकलो तरी धाप.
त्याला कुणी बदललं नाही.
यादीत त्याचं नावच नव्हतं.

आता ती नाकाला चिमटा लावते,
तोंडात प्लास्टिकची नळी.
आत एक झडप, स्प्रिंगवर बसलेली:
नेट लावून ओढल्याशिवाय
श्वासाला दार उघडत नाही.
"दोन मिनिटं. मग वजन वाढवते."

मी तीस वर्षं बास्केटबॉलचा पंच.
एका शिट्टीत अख्खं मैदान थांबवायचो.
फुंकणं माहीत होतं.
ओढणं हेही काम असतं
हे कळलं आत्ता, एकोणसाठाव्या वर्षी.

पाचव्या मिनिटाला मान ताठ,
बरगड्या भरून येतात,
खिडकीबाहेर नेमुनसवर बर्फाचे तुकडे
एकमेकांना ढोसत जातात.

आणि नवं हृदय?
ते लगेच दचकत नाही.
त्याच्या तारा कापलेल्या,
बातमी त्याला रक्तातून पोचते, उशिरा.
मी नळी काढून खाली ठेवतो, टेकतो,
तरी ते कितीतरी वेळ
धावतच राहतं आत,
शिट्टी ऐकू न आलेल्या पोरासारखं.

धावू देतो.
उग्ने स्प्रिंग अजून एक आटा पिळते.