दोनवर

रोडगे निखाऱ्यात पुरले, वर राख लोटली.
आता तासभर कोणाला काहीच काम नाही.
म्हणून फोटो.

पळसाखाली रांग लागली.
कवडूमामांनी टोपी सरळ केली,
शर्टाचं वरचं बटण लावलं,
पंचफुलामावशीनं पदर ओठांवर धरला, दातासाठी,
आणि एकाएकी सगळे
रेशनकार्डावरचे झाले.

आमच्या घरात तीनवर माणसं थिजतात.
म्हणून मी मोजते तीनपर्यंत
आणि दाबते दोनवर.
कोणाला सांगितलेलं नाही.

एक.
वर्धेच्या पात्रावरून वारा आला,
धूर वळला तो नेमका वहिनीच्या डोळ्यांत.

दोन,
आणि कोणाची तरी बकरी
वांग्याच्या भाजीच्या गंजात थेट तोंड घालते.
"अवं माय! हाट, हाट!"
मावशी पदर सोडून धावते,
एक चप्पल रेतीतच,
धावता धावता हसते,
उघडं, पडलेल्या दातासकट.

दाबलं.

पाहिलं तर काय?
बकरीची शेपटी तेवढी,
कोपऱ्यात माझंच बोट,
मावशीचा चेहरा सगळा हललेला.
हसू मात्र जागच्या जागी.

फोन पिशवीत टाकला. माणसं पांगली,
कोणी बकरीमागं,
कोणी राख उकरून रोडगा शिजला का ते पाहायला.

पळसाखाली कवडूमामा एकटेच,
छाती फुगवून, श्वास धरून,
पापणी न हलवता,
ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाले,
"तीन म्हन ना वं बाई,
कवाचा उभा हाये मी."