चारठाणा उतरणारे

दिवाळीच्या चार दिवसांत मी सहाशे गाड्या सोडल्या.
सोडल्या म्हणजे नुसत्या बोललो,
परभणी स्थानकातल्या काचेआडून,
आल्याचा तुकडा दाढेत धरून:
गंगाखेड, पाथरी, वसमत, सेलू,
जिंतूर-चारठाणा-मंठामार्गे जालना, फलाट क्रमांक चार.
प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.
लक्ष कोण देतंय.
खिडकीतून आधी रुमाल पडतो सीटवर,
रुमालामागून पिशवी, पिशवीमागून पोरगं,
आणि भाऊबीजेच्या सकाळी एक बाई
ओवाळणीचं ताट दोन्ही हातांनी छातीशी धरून
नुसत्या कोपरांनी चढली.

रात्री घरी मुलगी म्हणते, बाबा, हळू बोला ना.
मी हळूच बोलत असतो.

खिल्लारे साहेबांनी एक दिवस सुट्टी दिली.
साडू म्हणाला, वेरूळला या, मजा आहे.
दौलताबादच्या दरवाज्यात अडकून त्याला दोन तास झाले होते,
तिथूनच बोलत होता.
मागचा हॉर्न माझ्या कानाच्या पाळीवर बसला.
मुलीने मोबाइलवर शोधली शांत ठिकाणं.
एकातही खोली रिकामी नव्हती.
एका शांत ठिकाणी तर पार्किंगचीच शंभर रुपये पावती.
ती म्हणाली, शांत जागा सापडली की लोक सगळ्यांना सांगतात, बाबा.

मग मला माझंच एक नाव आठवलं,
एकोणीस वर्षं, रोज कितीतरी वेळा,
भोंग्यातून साऱ्या गावाला ओरडून सांगूनही
कोणाच्या ध्यानात न राहिलेलं.
जिंतूर आणि मंठा यांच्या मधे
श्वास घ्यायच्या गडबडीत
गिळून टाकतो मी ते.

जिंतूरपर्यंत उभा.
पुढे अर्धी सीट, एका झोपलेल्या जवानाच्या बॅगेशेजारी.
वाहक अन्सारभाईने घंटी ओढली:
चारठाणा उतरणारे!
मी एकटाच उठलो.
तो वाकून बघत राहिला, साहेब, इथं कोण आहे तुमचं?

गाडीचा धूर खाली बसेपर्यंत थांबलो.
मग तुरीच्या पिवळ्या फुलांमधून चाललो.
बारवेच्या पायऱ्या, पहिल्या सात-आठ उन्हात,
बाकीच्या कोणाला तरी राखून ठेवल्यासारख्या.
दगडी खांबाच्या कोरीव घुंगरांत
कापसाची एक बट अडकलेली,
वाऱ्याने हलते आणि वाजत नाही.
चप्पल काढली. बसलो.
कानात आधी डेपो चालू होता,
रिव्हर्सच्या शिट्ट्या, चिल्लर, फलाट दोन, फलाट सहा,
मग एकेक गाडी निघून गेली.
खार आली, गेली, तिची वेळ मी सांगितली नाही.
डबा उघडला. चकली मोडली तर
तिचा आवाज एवढा मोठा झाला
की उरलेली मी तोंडात धरून भिजवून खाल्ली.

दुपारी एक म्हातारी आली, मागे शेळी, पदरात बोंडं.
म्हणालो, मावशी, प्यायला पाणी मिळंल का?
ती जागची थबकली.
मान कलती करून म्हणाली,
आणखी बोला बरं.
काय बोलू?
काहीबी.
म्हणालो, ऊन लई आहे.
परभणीच्या स्टँडावरले ना तुम्ही? भोंग्यातले?
हाव, म्हणालो.
तिने तांब्या दिला. मी वरून पाणी पीत असताना,
घोट घशात असताना, उत्तर देता येत नसताना, म्हणाली:
आमच्या गावाचं नाव जरा धड घेत जा की.
निम्मं खाताव तुम्ही.

आज पुन्हा काचेआड.
गर्दी परतीची, फलाट चारवर रुमालांचा पाऊस.
जिंतूर, म्हणालो.
थांबलो.
बटण दाबलेलंच होतं, भोंग्यात नुसती खरखर,
दोन-तीन माथी वर झाली, माइक गेला वाटतं.
हातातले रुमाल हातात राहिले.
मग म्हणालो, चारठाणा,
सगळी अक्षरं.